हिवाळ्यातले वाचक

तिसगावपासून नऊ किलोमीटरवर, डांबर संपतं तिथून जरा पुढे, एक वाडी आहे. तिथं जनजागृती सार्वजनिक वाचनालय आहे, वर्ग ड. ड च्या खाली वर्गच नसल्यामुळे वाचनालयाची घसरगुंडी होईल अशी भीती कुणाला वाटत नाही. पत्र्याची एक खोली, दोन कपाटं, एक लांब टेबल, सहा खुर्च्या आणि गहिनीनाथ. गहिनीनाथ हे ग्रंथपालाचं नाव, वय एकावन्न. लिपिक, शिपाई आणि झाडलोटवालाही तोच असल्यामुळे कर्मचाऱ्यांत मतभेद नाहीत.

दिवाळी झाली की वाडी ऊसतोडीला जाते. मुकादमाच्या गाड्या येतात. त्यांत भांडी, गोधड्या, पोरं, कोंबड्या असं सगळं भरलं जातं. फॅक्टरीचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलात हंगाम संपेपर्यंत, वाडीत उरतात ती म्हातारी माणसं, कुत्री आणि ग्रंथपाल. म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही. कुत्र्यांना येतं की नाही हे कुणी तपासलेलं नाही.

वाचनालय मात्र रोज तीन ते सहा उघडं ठेवावं लागतं, आणि किती वाचक आले ते नोंदवहीत लिहावं लागतं. पहिल्या हिवाळ्यात गहिनीनाथनं पानं कोरी ठेवली. तपासणीला आलेले साहेब प्रेमळ होते. ते म्हणाले, कोरं पान बरं दिसत नाही हो, अनुदानाला दृष्ट लागते. दुसऱ्या हिवाळ्यापासून गहिनीनाथनं पानं भरायला घेतली. त्यासाठी तीन रंगांची पेनं आणि एक डावा हात पुरला.

सुरुवातीला तो वीस नावं एकाखाली एक, रोज त्याच क्रमानं लिहायचा. मग त्याचाच त्याला कंटाळा आला. हनुमंत कधी तीनला येईल का? तो दुपारची झोप काढून साडेचारलाच येणार, आणि मागच्या पानावरून पेपर वाचायला घेणार. सुनील येणार तो नोकरीच्या जाहिरातींपुरता. श्रीमंत आणि सहादेव यांचं बांधावरून बोलणं बंद, त्यांना एका वेळेला टेबलावर बसवणं बरं नाही. एका डिसेंबरात त्यानं हनुमंताला सर्दी झाली म्हणून तीन दिवस आणलं नाही, आणि चौथ्या दिवशी त्याचं नाव लिहिताना त्याला खरोखरच बरं वाटलं. चार वर्षांपूर्वी बायको गेली, मनकर्णा. तेव्हापासून शेऱ्याचा रकानाही भरू लागला. 'खोकला कमी.' 'चष्मा विसरला.' 'आज गप्प होता.' लेक दिपाली जामखेडला दिलेली, ती रविवारी फोन करायची आणि विचारायची, काय करताय दादा. तो सांगायचा, वाचनालयात गर्दी हाय.

या नोव्हेंबरात टपालानं एक माहितीपत्रक आलं. नगरच्या एका संस्थेचं होतं. वर नाव अहिल्यानगर, शिक्क्यात अजून अहमदनगर. सार्वजनिक ग्रंथालयांतल्या कर्मचाऱ्यांसाठी एकवीस दिवसांचं निवासी प्रशिक्षण, विषय 'वाचक कसे वाढवावेत'. ठिकाण सावेडी. जाण्यायेण्याचा खर्च, जेवण, विद्यावेतन, आणि जो पूर्ण करील त्याच्या वाचनालयाला पुस्तकांच्या मांडण्यांसाठी मदत. गहिनीनाथनं ते सगळं एकदा वाचलं. नवव्या ओळीत मात्र तो अडकला. 'निवास : एका खोलीत दोन प्रशिक्षणार्थी.'

ती ओळ त्यानं त्या आठवड्यात किती वेळा वाचली हे त्यालाही सांगता आलं नसतं. दुसरा प्रशिक्षणार्थी कुठला असेल? शेवगावचा? अकोल्याचा? घोरणारा असेल का? असला तरी चालेल. घोरणारा तर बराच, अंधारात कुणीतरी आहे एवढं कळत राहतं. सकाळी तो विचारील, काय हो, झोप लागली का? मग आपण म्हणायचं, लागली. या उत्तराची त्यानं घरी एकदा तालीमही केली.

अट क्रमांक चार अशी होती की हिवाळ्याच्या महिन्यांत रोजची वाचकसंख्या किमान वीस हवी. वाचक कसे वाढवावेत हे शिकायला आधी भरपूर वाचक असावे लागतात, यात गहिनीनाथला काही गैर दिसलं नाही. अनुदानाच्या जगात तो बावीस वर्षं होता. त्यानं गेल्या तीन हिवाळ्यांच्या नोंदवहीची पानं तिसगावला जाऊन झेरॉक्स केली आणि अर्जाला जोडली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं: आपली निवड प्रस्तावित आहे, बुधवारी दुपारी प्रत्यक्ष पाहणी होईल, नियमित वाचकांना उपस्थित ठेवावे.

नियमित वाचक तेव्हा सांगलीकडं उसात होते.

गहिनीनाथ भागूबाईकडे गेला. भागूबाई म्हणजे हनुमंताची आई, पंच्याहत्तरीची, वाचनालयापासून चाळीस पावलांवर राहणारी. त्यानं तिला सांगितलं की नगरच्या मॅडम येणार आहेत, चार माणसं जमवून आण, टेबलाला बसा, पेपर हातात धरा आणि बोलू नका. सरळ धरा, हेही सांगितलं. भागूबाईनं विचारलं, कुणाची पाहनी हाय? तो म्हणाला, हनुमंताची, सुनीलची, सगळ्यांचीच. मग ती म्हणाली, आसं व्हय, मग येतो की.

इथं त्या वाडीची एक रीत सांगायला हवी. कोयता घेऊन घरातलं माणूस गेलं की मागं राहिलेलं म्हातारं त्याच्या वाटची सगळी कामं त्याच्या नावानं करतं. कुणाकडं मयत झालं, तर म्हातारी दारात जाऊन बसते आणि म्हणते, हनुमंत आलाय बरं का. लग्नात अक्षता टाकते त्याही हनुमंताच्या. ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. हनुमंत आला, एवढीच नोंद होते. गहिनीनाथ याच वाडीत जन्मला, वाढला, पण त्या दिवशी हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

बुधवारी साडेतीनला जीप आली. त्यातून अश्विनी मॅडम उतरल्या, पस्तिशीच्या, खांद्याला लॅपटॉपची बॅग, सँडलला धूळ. बाई सज्जन होत्या. तीस जागांपैकी सत्तावीस भरल्या होत्या आणि उरलेल्या तीन भरल्या नाहीत तर पुढच्या वर्षी निधी कमी होणार होता, ही चिंता त्यांच्या चेहऱ्यावर अंगचीच असल्यासारखी दिसत होती. आत सहा म्हातारी माणसं सहा खुर्च्यांवर पेपर धरून बसली होती. पेपर सरळ होते. श्रीमंताचे वडील आणि सुनीलचे आजोबा भिमाजी आबा यांनी मात्र तो डोळ्यांच्या इतका जवळ धरला होता की त्यांना वाचता येत असतं तरी आलं नसतं.

मॅडमनी टेबलाच्या टोकाला उभं राहून नोंदवही उघडली आणि कालच्या पानावरचं एक नाव घेतलं, हनुमंत.

"आलाय," भागूबाई म्हणाली आणि पेपर खाली ठेवला.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. पुढचं नाव घेतलं, सुनील. "आलाय," भिमाजी आबा म्हणाले. श्रीमंत? तेही भिमाजी आबाच. सहादेव? सहादेवची चुलती कोपऱ्यातून म्हणाली, आलाय, पन त्याला श्रीमंताच्या शेजारी नका बसवू. पाच मिनिटांत सहा खुर्च्यांवर बावीस वाचक हजर झाले. भागूबाईनं सून आणि नातूही हजर केले, त्यांची नावं वहीत नव्हती तरी.

गहिनीनाथ कपाटाला टेकून उभा होता. त्याच्या कपाळावर जानेवारीत घाम आला.

मॅडमनी वही मिटली. त्यांना सगळं कळलं होतं, आणि काही कळून घ्यायचं नाही असंही त्यांनी ठरवलं होतं. त्या हळूच म्हणाल्या की वाचकांचे प्रतिनिधी उपस्थित होते असं मी लिहू शकते, त्यात खोटं काही नाही. शिवाय दादा, तुमच्या वहीची झेरॉक्स मी नगरला पूर्ण वाचली, म्हणाल्या. सगळ्या तालुक्यांतून अशाच वह्या येतात, वीस नावं, एकच क्रम, एकच शाई. पण वाचकाला खोकला झाल्याची नोंद मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. "मला फक्त तुमच्या तोंडचं एक वाक्य पाहिजे, दादा. ही माणसं येतात ना इथं?"

'येतात' हा तीन अक्षरांचा शब्द होता. त्याच्या पलीकडे सावेडी होती, एकवीस दिवस होते, आणि झोप लागली का असं विचारणारा एक माणूस होता.

गहिनीनाथनं तोंड उघडलं. पण असं झालं की त्या खोलीत हिवाळ्याच्या दिवसांत त्याला आजवर कुणी प्रश्नच विचारला नव्हता. कुणीतरी समोर उभं राहून, त्याच्याकडे बघत, उत्तराची वाट बघत होतं. या पहिल्याच प्रश्नाला खोटं उत्तर देणं त्याच्या जिवावर आलं.

"न्हाई येत," तो म्हणाला. "दिवाळीपासून कुनीच येत न्हाई, मॅडम. मीच असतो."

भिमाजी आबांनी पेपर पुन्हा वर धरला. मॅडमनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. मग वाचकसंख्येच्या चौकटीत त्यांनी 'निरंक' असं लिहिलं. बारीक अक्षरात लिहिलं, बाईंना वाईट वाटत असावं.

गहिनीनाथनं विचारलं, "मी रोज वाचतो. पयल्या पानापासून शेवटपरेंत. मला धरून एक होतो का?"

मॅडमनी फाईलमधलं परिपत्रक काढलं, खरंच काढलं, आणि दोन पानं उलटली. "ग्रंथपालाला वाचक धरता येत नाही, दादा," त्या म्हणाल्या.

जाताना त्यांनी पुढच्या वर्षी अर्ज करा असं सांगितलं. चार नंबरची अट तेव्हाही असणार हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघांनीही हो हो म्हटलं. जीप गेली. धूळ खाली बसली तरी आत सहा माणसं तशीच बसून होती, कारण पाहणी संपली असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गहिनीनाथनं स्टोव्ह पेटवून चहा केला. कप चारच होते, दोघादोघांनी पाळीपाळीनं घेतला.

भागूबाईनं कमरेच्या पिशवीतून बटणांचा फोन काढून लेकाला लावला आणि झालेलं सगळं सांगितलं, तिला कळलं तसं. म्हणजे हनुमंत हजर होता, पण मास्तरानंच त्याला नापास केला. वाचनालयवाल्याला ती मास्तर म्हणते. मग फोन तिनं गहिनीनाथच्या कानाला लावला.

पलीकडं ट्रॅक्टर चालू होता. हनुमंत ओरडूनच बोलत होता. "गहिनीदादा, आई म्हनती तू मला रोज हजर लावतो."

"लावत हुतो."

"आन् कायाला? मी हितं मोळ्या बांधतोय."

"न्हाई लावलं तर त्या खोलीत मी येकटाच बसतो, हनुमंता."

पलीकडून कुणीतरी हनुमंताला हाक मारली. तो थांब म्हणाला.

"मंग लाव की," हनुमंत म्हणाला. "फकस्त खाडा लावू नगं. हितं येक खाडा पडला तरी मुकादम लई बोलतो."

गहिनीनाथनं त्याला त्या तीन दिवसांच्या सर्दीचं सांगितलं नाही. आता लावता येणार नाही, मी खरं सांगून बसलो, एवढं म्हणाला. ते ट्रॅक्टरच्या आवाजात पोचलं की नाही कुणास ठाऊक. फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी तीनला त्यानं कुलूप काढलं, टेबल पुसलं, पेपर मांडले आणि नोंदवही उघडली. तारीख टाकली. खाली 'निरंक' लिहिलं. पूर्वी या कामाला तासभर लागायचा, कोण केव्हा आला, काय वाचून गेला, कुणाचं काय दुखतंय. आता एक शब्द झाला आणि घड्याळात तीन वाजून चार मिनिटं झाली होती. त्यानं पेपर वाचला. मग कालचा वाचला. बाहेर एक कुत्रं उन्हातून सावलीत गेलं.

साडेचारला दारात भागूबाई दिसली. काठी उंबऱ्याला टेकवून ती म्हणाली, "हनुमंतानं धाडलंय."

ती खुर्चीवर बसली. गहिनीनाथनं वही पुढं ओढली आणि विचारलं, "काकू, तुझं नाव लिहू का? भागूबाई म्हनून?"

"माझं कशाला? मला कुठं वाचाया येतंय. त्याचं लाव."

"त्याचं न्हाई लावता येत."

"मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्यानं काय वाचलं ते सांग मला. रातच्याला फोनवर इचारलं तर?"

गहिनीनाथनं वही मिटली. पेपर उचलून त्यानं शेवटचं पान वर घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लागला. आधी क्रिकेट, मग कांद्याचा भाव, मग कुठं उसाच्या फडात बिबट्याची पिल्लं सापडली ती बातमी. पिल्लांपर्यंत भागूबाई लक्ष देऊन होती. पुढे जिल्हा नियोजन समितीची बैठक लागली तेव्हा तिची मान छातीवर आली आणि ती बारीक घोरू लागली.

त्यानं आवाज थोडा कमी केला, पण वाचायचं थांबवलं नाही. बैठक दीड रकान्याची होती.