एकवीस मिलिमीटर

रंगमंचावर एक टेबल, एक घंटी, सात अर्जदार, त्यांचे सात अर्ज आणि मी. मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. माझे तीन पाय पंचेचाळीस सेंटिमीटरचे आहेत. चौथा एकवीस मिलिमीटरने आखूड आहे. ती चूक नाही.

आमच्या हौशी नाटक मंडळीचे हे विनोदी नाटक फार जुने. त्यातला साहेब माझ्यावर डुगडुगत बसतो आणि लोकांचे अर्ज न वाचताच, पाच वेळा दुमडून, माझ्या आखूड पायाखाली सरकवतो. दुमडलेला अर्ज तीन मिलिमीटर जाड होतो. सातव्या अर्जाला मी स्थिर होते. साहेब पाय पसरून म्हणतो, "झालं! सगळे अर्ज निकालात निघाले!" सभागृह दणाणून जाते. पडद्याआडून संवाद सांगणाऱ्या बाई हा हशा घड्याळावर मोजतात आणि वहीत लिहितात. सरासरी एकोणीस सेकंद.

मला घडवणारे सुतारकाकाच साहेबाचे काम करतात. जन्मभर त्यांनी सरळ खुर्च्या केल्या. वाकडी ही एकच, आणि तिच्यापायी तीन पाय वाया घालवले.

आणि मंडळीच्या चिटणिसांनी काय करावे? एका दुपारी गुपचूप येऊन माझ्या आखूड पायाला सरसाने ठोकळा चिकटवला. वर पॉलिशही केले! आजही आठवले की माझे लाकूड तापते. तालमीत काका बसले. मी हलेना. बिचारे डुगडुगण्याचे सोंग करू लागले. हशा, शून्य सेकंद.

"कुणाचा हा उद्योग?"

"माझा," चिटणीस म्हणाले. "काका, उद्या पहिल्या रांगेत खरे साहेब बसणार. सभागृहाच्या परवान्यावर त्यांचीच सही लागते. उगाच त्यांना वाटायचं, आपल्यावरच आहे."

"चोराच्या मनात चांदणं! त्यांच्याआधी तुम्हालाच वाटलं की!"

"आणि परवाना गेला तर? रस्त्यावर करणार नाटक?"

"रस्त्यावर माणसं जास्त असतात," बाई वहीतून मान वर न काढता म्हणाल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी विनवतात, आमची निगा राखा. मी विनवणार नाही. मोडकी म्हणून मला अडगळीत टाकले असते तर मी सोसले असते. पण एका भित्र्या माणसाने निगेच्या नावाखाली माझी जीभ छाटावी? हात लावण्याआधी विचारा तरी, ही वस्तू कशासाठी केली आहे!

प्रयोगाच्या सकाळी काका करवत घेऊन आले. चिटणीस दारातच आडवे झाले. "काका, पाया पडतो तुमच्या."

"पडू नका." काका त्यांना ओलांडून आत आले आणि ठोकळ्याला करवत लावली. "खुर्ची धरा, हलतेय."

काय वाटले कोण जाणे, त्यांनी धरली. ठोकळा खाली पडला. काकांनी पट्टी लावली. एकवीस.

बाईंच्या वहीत त्या प्रयोगाची नोंद अशी आहे: हशा, सव्वीस सेकंद. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची नवव्या सेकंदाला रिकामी.