मावशीची लाइन

जुन्या टेलिफोन एक्सचेंजच्या आठवणी गोळा करायला प्राध्यापकाने अनुदान मिळवलं, ते सख्ख्या मावशीच्या भरवशावर. तिची सगळी नोकरी तिथेच ऑपरेटर म्हणून झाली होती. अर्जात त्याने तिला ‘दुर्मीळ साक्षीदार’ म्हटलं होतं. ती एवढी दुर्मीळ निघेल असं मात्र त्याला वाटलं नव्हतं. इतक्या बैठका झाल्या, पण रेकॉर्डरमध्ये जमलं होतं एवढंच : “ते मी सांगायची नाही.”

आज अनुदान देणाऱ्या संस्थेच्या परीक्षक बाई मावशीच्या घरी जातीने ऐकायला आल्या होत्या. त्यांचं समाधान झालं तर दुसरा हप्ता, नाही तर प्रकल्पाला टाळं.

प्राध्यापकाने रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि घसा खाकरला. “मावशी, लोक फोनवर काय काय बोलायचे, एखादा किस्सा सांग ना.”

“लोकांचं बोलणं लोकांपाशी. नोकरीला लागताना तसं लिहून दिलंय मी.”

“अगं, त्यातलं आता कुणी हयातही नाही.”

“म्हणजे विचारून घ्यायचीसुद्धा सोय राहिली नाही.”

अहवालाला ‘मौनाचा सामाजिक इतिहास’ असं नाव देऊन वेळ मारून नेता येईल का, याचा प्राध्यापक विचार करू लागला.

परीक्षक बाईंनी कप खाली ठेवला. “मावशी, ड्यूटी संपली की आधी काय दुखायचं? कान की खांदा?”

“खांदा,” मावशी ताडकन म्हणाली. “उजवा. कॉल जोडायला बोर्डाच्या वरच्या रांगेत वायर खोचायची म्हणजे अर्धं उठावं लागायचं. बुटक्या मुलींना तिथे बसवत नसत. मी उंच टाचांच्या चपला घालून मुलाखत दिली, मग जन्मभर त्याच घालाव्या लागल्या.”

आणि मावशी सुटली. केसांत अडकणारा हेडफोन, दोन कॉलच्या मध्ये विणलेले स्वेटर, शिंक दाबायची युक्ती. बोलता बोलता तिचे हात हवेत वायरी खोचत होते. तास कसा गेला कळलं नाही. फोनवरचं एक अक्षरही तिने बाहेर काढलं नाही.

तेवढ्यात प्राध्यापकाच्या लक्षात आलं की, गडबडीत आपण रेकॉर्डर सुरूच केला नव्हता. त्याने चोरून पाहिलं. लाल दिवा चालू होता.

“मी दाबलं बटण,” मावशी म्हणाली. “तू खाकरत होतास ना, तेव्हाच. बोलण्याआधी लाइन लागलीय का बघावं रे, प्रोफेसर.”

“हप्त्याचं पत्र या आठवड्यात पाठवते,” परीक्षक बाई हसू आवरत म्हणाल्या. “फक्त पुढच्या वेळी प्रश्न मला विचारू द्या.”

प्राध्यापकाने मान डोलावली आणि आपला गारढोण चहा एका घोटात संपवला. इतका चांगला चहा त्याने कित्येक महिन्यांत प्यायला नव्हता.