लालसू माणसात बसत नाही

लालसूच्या गालावर हिरव्या रंगाचा पहिला हात दिला, तसा तो म्हणाला, "सोमाजीभाऊ, मानसाले कोनता रंग लावता तुमी?"

"मानसाले कायचा रंग? नुसती पावडर."

वडशाच्या आमच्या नाटक कंपनीत मी तीस वर्षं चेहरे रंगवतोय. यंदा दिग्दर्शक धनराजने परग्रहाचं नाटक बसवलं. त्यात चार ग्रहांचे लोक. एक जात नुसती लढते, एक नुसता विचार करते, एक नुसता व्यापार करते. चौथी जंगलात राहते, ढोल बडवते आणि 'हू हू' करते. या सगळ्यांत आपला माणूस, मागे त्याच्या माणसांचा घोळका.

"तो कशातच पयला नाई," धनराज तालमीत सांगायचा, "पन हार मानत नाई. अन् परक्याले हात देते. हेच त्याची खासियत." हा माणूस करायला त्याने नागपूरहून गोरागोमटा हिरो आणला.

लालसू एटापल्लीकडचा माडिया आदिवासी. वीस वर्षं आमचे पडदे ओढतो, पेट्या वाहतो. मागच्या हंगामात ट्रक नाल्यात फसला, तेव्हा अनोळखी गावात जाऊन बैल घेऊन आला तो हाच. माणसांच्या घोळक्यात एखादं वाक्य मिळावं म्हणून महिनाभर धनराजच्या मागे होता. मिळाली ती चौथी जात. ढोल त्याच्याच गावचा, डोक्यावरची पिसंही तिथलीच. मला राग आला होता, पण पोटापुढे राग किती टिकणार? गप्प बसलो.

"धनराजभाऊ म्हने, तुयं तोंड मानसात नाई बसत."

मी पेटी उघडली. माणसांसाठीचे चार डबे होते, चारही गोरे. लालसूच्या कातडीचा रंग त्यांत नव्हता, माझ्याही नव्हता. डबे मीच आणलेले. नायक गोरा आणि राक्षस काळा, हे तीस वर्षं मीच करत आलो. लाज वाटली.

"पुसू का हे? धनराजले मी सांगतो."

"राहू द्या. जाडा लावा. रंजीता येऊन राह्यली पाहाले. तिले सांगतलं होतं, मानसाचं काम भेटलं म्हनून."

रंजीता त्याची मुलगी, गडचिरोलीला नर्सिंग शिकते. मी कानापर्यंत जाड थर दिला, भुवया बुजवल्या, पिसं बांधली. लालसू दिसेनासा झाला.

तेवढ्यात ती आलीच, खांद्याला बॅग.

"काका, बाबा कुठी हाय?"

तो तिच्यापासून हातभर अंतरावर बसला होता. ढोलाची दोरी त्याने घट्ट धरली.

"चहा प्याले गेला असन," मी म्हणालो. "तू समोर जाऊन बस, बाई. जागा भरून जाईन."

वळताना तिची बॅग त्याच्या खांद्याला लागली.

"सॉरी, दादा," ती म्हणाली.

लालसूने नुसती मान हलवली. आवाज तिने ओळखला असता.