सिंदिंगची नळी

लितावच्या डोक्यावरच्या पांढऱ्या फडक्यावर अंबुयचा काडीचा विश्वास नव्हता. फडकं बिचारं चांगलंच होतं. त्याच्याआड जे चालायचं, त्यावर नव्हता.

लिताव ही गावची बाबायलान. सुगीनंतर ताबाद, म्हणजे तांदळाची दारू, रांजणात मुरली की पलीकडच्या लोकांना एकेक करून बोलवायचं, हे तिचं काम. पलीकडे बाकी सगळं मिळतं, ताबाद तेवढी मिळत नाही. म्हणून मेलेली माणसं आवतणाची वाटच बघत असतात. येतात, लितावच्या अंगात शिरतात, फडक्याआडून बोरूच्या नळीनं दारू ओढतात, चार शब्द सुनावतात आणि जातात. इथवर अंबुयची काही तक्रार नव्हती. पण गेल्या सुगीला त्याची मेलेली बायको सिंदिंग आली, पोटभर प्याली आणि लितावच्या तोंडून म्हणाली, "घरातली आगुंग लितावकडे देऊन टाका, तिचा जावई वाजवेल."

आगुंग! अंबुयच्या आज्यानं मध आणि मेण देऊन गलबतवाल्यांकडून घेतलेली पितळी घंटा. ती वाजली की नदीतल्या मगरी तोंड मिटायला विसरायच्या, असं आजा सांगायचा. आणि त्याला खोटं पाडायला त्यातली एकही मगर आता शिल्लक नाही. आगुंग होती म्हणून अंबुयला चटईवर रांजणाशेजारची जागा होती. ती गेली की तो कोण? दाराशी गुडघे धरून बसलेला आणखी एक म्हातारा.

बरं, सिंदिंग आणि लिताव चुलत बहिणी खऱ्या, पण एका कोंबडीवरून अशा भांडल्या होत्या की सिंदिंगनं मरेपर्यंत अबोला सोडला नाही. अशी बाई मेल्यावर घरची घंटा वैरिणीच्या हवाली करेल? अंबुयनं तेव्हा "पुढच्या सुगीला बघू" म्हणून वेळ मारून नेली होती. ती सुगी आता दारात आली होती.

त्यानं लितावला नदीवर गाठलं.

"तुझ्या जावयाला वाजवता येते का गं आगुंग, आक्का?"

"मला काय विचारतोस? जिनं मागितली तिला विचार." लिताव खलबत्त्यात सुपारी कुटत होती.

"ती बोलते तुझ्याच तोंडून."

"मग बघ माझं तोंड. लपवायला जागा आहे का यात?" लितावनं आ वासला. आत दात औषधालाही नव्हता. लालभडक, गुळगुळीत हिरड्या.

ते तोंड बघता बघता अंबुयच्या डोक्यात वीज चमकली. सिंदिंगला पिताना नळीचं टोक चावायची खोड होती! पुढचा एक दात सुपारीनं अर्धा तुटलेला, पण चावणं काही सुटलं नाही. तिची नळी दुसऱ्याच्या कामाची राहायची नाही, आणि त्यावरून नवराबायकोत उभा जन्म कुरबुर. सिंदिंग खरंच येत असेल तर नळी चावलेली निघेल. लिताव सोंग करत असेल तर हिरड्यांनी काय चावणार?

त्यानं स्वतः जाऊन कोवळा, ओला बोरू कापून आणला. नख लावलं तरी वळ उठेल असा. हे फक्त ढोल वाजवणाऱ्या बुगसालला सांगितलं.

"म्हणजे तू बायकोची परीक्षा घेणार?" बुगसालनं डोळे मोठे केले.

"बायकोची नाही रे, आक्काची."

"आणि बायको चिडली तर?"

"चिडली तर खरी तीच आहे हे कळेल. लितावला चिडता येतं, पण तसं नाही."

उन्हं कलल्यावर माणसं जमली. लिताव वेताच्या झोपाळ्यावर बसली. ज्याला बोलवायचं त्याचा ठेका आगुंगवर वाजवायचा, की तो येतो. आधी जुना मुखिया आला आणि रांजण लहान आहे म्हणून कुरकुरला. मग बुगसालचा मामा आला. तो जिवंतपणी ठसकायचा तसाच ठसकला. अंबुयनं मनात म्हटलं, ठसकणं कुणालाही जमतं.

मग त्यानं नवी नळी स्वतःच्या हातानं रांजणात खोचली आणि सिंदिंगचा ठेका धरला. हात घंटेवर, डोळे नळीवर. फडकं खाली आलं, हललं. रांजण गुरगुरला.

"तिसरा ठोका मागे पडतोय," फडक्याआडून आवाज आला. "जिवंत होते तेव्हाही हेच सांगून दमले. इकडे सगळे मला हसतात हो! द्या बघू ती आगुंग लितावच्या जावयाला."

माणसं खोखो हसली. अंबुय हसला नाही. तिसरा ठोका मागे पडतो हे गावातली कुत्रीसुद्धा सांगतील. त्यानं घंटेची काठी टाकली, लितावनं फडकं काढायच्या आत नळी उपसली आणि चुलीच्या उजेडात धरली.

टोक चावून चावून चपटं झालं होतं. आणि दातांच्या वळांच्या मधोमध एक जागा मोकळी होती, अर्ध्या दाताएवढी.

"आ कर, आक्का."

"काय करतोस मेल्या!" पण त्यानं तिचा ओठ उचललाच. गुळगुळीत. त्यानं फडकं झटकलं, चटई उचलली, रांजणामागे वाकून पाहिलं. मग विनोद सांगून एकेकाला हसवलं आणि दात बघितले.

"माझे काय बघतोस?" बुगसाल म्हणाला. "चारच उरलेत, तेही पाठीमागे. त्यांनी नळी चावायला ती घशात घालावी लागेल."

तुटका दात कुणाचाच नव्हता.

सकाळी अंबुय आगुंग खांद्यावर घेऊन लितावच्या घरी गेला. जावयानं ती टांगली, वाजवून पाहिली. तिसरा ठोका मेला बरोब्बर जागेवर पडला.

"बस," लिताव म्हणाली आणि त्याच्यापुढे भाजलेला कसाव्याचा कंद सरकवला. "करपलाय जरा. सिंदिंगला असाच लागायचा."

अंबुयचा हात मधेच थांबला. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, दात तुटल्यावर सिंदिंग करपलेला, कुरकुरीत कसावा तुटल्या दाताच्या दुसऱ्या बाजूनं चघळायला लागली होती. कोंबडीचं भांडण त्याच्या कितीतरी आधीचं.

"तुला कसं ठाऊक? तुम्ही तर बोलत नव्हतात."

"तुझ्यासमोर नव्हतो बोलत," लिताव म्हणाली आणि खलबत्ता पुढे ओढला.

अंबुय घरी निघाला. पाणी आणायला गेलेली सिंदिंग दुपार उलटली तरी परतायची नाही, ते त्याला आठवलं. नदी काही इतकी लांब नव्हती. जंगलात मध शोधायला जायची आणि रिकाम्या हातानं, पण हसत यायची. म्हणजे घंटेचा बेत मेल्यानंतरचा होता, की त्याच्याही आधी दोघींनी लितावच्या चुलीपाशी बसून शिजवला होता?

लिताववरचा संशय त्याच्या मनातून पार गेला होता. आता तो सिंदिंगवर येऊन बसला होता. पुढच्या सुगीला तिला समोरासमोर विचारायचं, त्यानं ठरवलं. मग त्याच्या लक्षात आलं की बोलवायला आगुंग लागेल लितावच्या जावयाची, आणि उत्तर येईल तेही लितावच्याच तोंडून.