सात दाण्यांची पर्ची

सुहास पागनीसांकडे रोज सत्तर-ऐंशी पत्रं येत, आणि त्यातलं एकही त्यांच्यासाठी नसे.

उज्जैन शहराबाहेरच्या तुरुंगात ते अठरा वर्षं डाकबाबू होते. मुख्य फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला एक खोली लागते. तिच्या खिडकीवर कायम चिमण्यांचं भांडण चालू असतं. ती त्यांची खोली. पोस्टमन फाटकावर पिशवी टाकून जाई. पागनीस कात्रीनं लिफाफ्याची अरुंद बाजू कापत, लिफाफा उलटा करून टेबलावर झटकत, ओलं बोट लावून तिकीट उचकटून बघत, कारण तिकिटाखाली लोक काय काय दडवतात ते त्यांनी पाहिलं होतं. मग पत्र वाचायचं, 'जाँचा गया' असा शिक्का मारायचा आणि बराकीप्रमाणे गठ्ठे लावायचे. चार वाजता अनिल शिपाई ते वाटायला नेई. कैद्यांची बाहेर जाणारी पत्रं उघडीच येत. ती वाचून, गोंद लावून पाचच्या डाकेला जात.

कागदाशिवाय लिफाफ्यातून काही निघालं, म्हणजे ताईत, राखी, देवाचा अंगारा, तर ते मालखान्यात, म्हणजे तुरुंगाच्या कोठारात जमा व्हायचं आणि कैद्याला त्याची पर्ची, म्हणजे पावती मिळायची. पर्ची नाही म्हणजे लिफाफ्यात काही नव्हतंच, हे नवा कैदीसुद्धा आठवड्यात शिके.

आणि सगळ्यात मोठा नियम असा की वाचलेलं बोलायचं नाही. कैद्याशी नाही, त्याच्या घरच्यांशी नाही, आणि स्वतःच्या बायकोशी तर नाहीच.

"अर्ध्या माळव्याच्या भानगडी तुमच्या पोटात आहेत," विनोदिनीबाई म्हणत, "आणि समोरच्या घरातलं लग्न ठरलं ते मला दूधवाल्याकडून कळतं."

मराठी पत्रं तुरुंगात फार येत नसत. पण जी येत ती पागनीसांशिवाय कुणाला नीट वाचता येत नसत. त्यांनी रजा घेतली की मराठी पत्रंही रजेवर जात. त्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे सुनंदाबाई ढवळे.

सुनंदाबाईंचे यजमान अरविंद ढवळे पाच वर्षांपूर्वी आत आले. शेजाऱ्याशी नळावरून भांडण झालं, यांनी ढकललं, तो पायऱ्यांवरून पडला आणि उठलाच नाही. सात वर्षांची शिक्षा झाली. सुनंदाबाईंना तेव्हा सहीपुरतीही अक्षरं येत नव्हती. नवऱ्याला मनातलं लिहायचं तर दुसऱ्याच्या हातानं कसं लिहायचं, म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका मुक्ताताईंकडे पाटी घेऊन बसल्या. सहा महिन्यांनी त्यांचं पहिलं पत्र आलं. उन्हात सांडगे घालावेत तशी अक्षरं, मोठी आणि एकमेकांना न चिकटणारी. वर ॥ श्री ॥, आणि त्याखाली पहिलीच ओळ अशी:

'हे पत्र आधी उघडणाऱ्यांस नमस्कार. दारात बसलेल्याला न विचारता आत जाणं बरं दिसत नाही.'

पागनीसांनी घाईनं मान वर करून पाहिलं, जणू कुणी खांद्यावरून वाचत होतं. पत्रात शिव्या असल्या तर काय करायचं ते नियमांच्या पुस्तकात होतं. डाकबाबूला नमस्कार असला तर काय करायचं, ते नव्हतं. त्यांनी शिक्का मारला आणि पत्र आत जाऊ दिलं.

नंतर हे दर पत्रात होऊ लागलं. एकदा लिहिलं होतं, 'मागल्या खेपेस शिक्का नेमका "मी बरी आहे" यावर बसला. यांनी उलट तीनदा विचारलं, बरी आहेस का. शिक्का जरा बाजूला मारावा.' त्या दिवसापासून पागनीस सुनंदाबाईंच्या पत्रावर शिक्का मारण्याआधी समास शोधू लागले. बाकीच्यांच्या पत्रावर तो बसेल तिथे बसे.

अरविंदरावांची उत्तरं तीन ओळींची असत. बरा आहे. थंडी आहे. काळजी नको. पंधरवड्याच्या भेटीला सुनंदाबाई येत, तेव्हाही जाळीच्या दोन्ही बाजूंनी पन्नास माणसं ओरडत असल्यामुळे नवरा-बायकोचं बोलणं यापुढे जात नसे. शनिवारी बराकीला फोनची पाळी असे, आणि अरविंदराव फोनवर नुसतं 'हं' म्हणत.

यंदा त्यांच्या मुलीचं, निहारिकेचं लग्न ठरलं. मार्गशीर्षातला मुहूर्त, फ्रीगंजमधलं कार्यालय. अशा कार्याला कैद्याला पाच दिवसांची रजा मिळते, पण अर्ज कैद्यानं स्वतः करायचा आणि सोबत पत्रिका जोडायची. तो अर्ज महिनाभर आधी वर जायला हवा, नाहीतर मंजुरी येईपर्यंत मुलगी सासरी पोचलेली असते.

भेटीत काय झालं ते पागनीसांना सुनंदाबाईंच्या पत्रातूनच कळलं. 'तुम्ही म्हणालात, मी आलो तर लोक नवरीकडे बघणार नाहीत, माझ्याकडे बघतील, तेव्हा मी यावं का तूच सांग. याचं उत्तर जाळीतून ओरडून द्यायचं नसतं. उत्तर पत्रिकेबरोबर येईल.'

पागनीसांनी ते वाचलं, समासात शिक्का मारला आणि पुढची साठ पत्रं वाचता वाचता विसरून गेले.

पुढच्या शनिवारी पत्रिकेचा लिफाफा आला. कापला, झटकला, आणि टेबलभर लाल तांदूळ उडाले. मूठभर अक्षता. आत पत्रिका होती, चिठ्ठी नव्हती. पत्रिकेत निमंत्रक म्हणून पहिलंच नाव अरविंद ढवळे यांचं होतं, म्हणजे गृहस्थाला आपलंच निमंत्रण पोस्टानं आलं होतं. पागनीसांना हसू आलं. चार वाजायला आले होते. अनिल दारात उभा होता. चिमूटभर तांदळाची पर्ची कोण करत बसतो, असं म्हणून त्यांनी तळहातानं अक्षता गोळा केल्या, खिडकीत चिमण्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या वाटीपाशी टाकल्या आणि पत्रिका गठ्ठ्यात सरकवली.

मंगळवारी बाहेर जाणाऱ्या पत्रांत अरविंदरावांचं पत्र होतं. नेहमीपेक्षा लांब.

'पत्रिका मिळाली. अक्षता नव्हत्या. पर्चीही नाही, म्हणजे तू घातल्याच नाहीस. आपल्याकडे अक्षतेशिवाय पत्रिका कुणाला पाठवतात ते मला माहीत आहे. ज्यानं नाही आलं तरी चालेल, त्याला. तुझं उत्तर समजलं. राग नाही. अर्ज करत नाही. निहारिकेला आशीर्वाद.'

पागनीसांनी ते दोनदा वाचलं. मग खिडकीकडे पाहिलं. चिमण्या मजेत होत्या.

अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत होती. अरविंदरावांना बोलावून सांगावं, तर वाचलेलं बोलायचं नाही. सुनंदाबाईंना निरोप द्यावा, तर तेच. आज हे पत्र पाचच्या डाकेनं गेलं, की परवा त्या बाईच्या हातात पडणार आणि तिच्या पाच वर्षांच्या अक्षरांना हे उत्तर मिळणार.

"अनिल," ते म्हणाले, "आजची डाक उद्या जाईल. गोंद सूख गया है."

"साहब, कल ही तो नई शीशी लाया था." अनिलनं बाटली उचलून हलवली. आतला गोंद डुबुक डुबुक वाजला.

"सूख गया है," पागनीस पुन्हा म्हणाले.

अनिलनं बाटली जपून खाली ठेवली. अठरा वर्षांत साहेबांचा गोंद कधी सुकला नव्हता. असेल, थंडीचे दिवस आहेत.

संध्याकाळी जेवताना पागनीसांनी आमटीत बोट फिरवत विचारलं, "का गं, चिमण्या अक्षता खातात का?"

विनोदिनीबाईंनी पोळी वाढायची थांबवली. "तांदूळ खातात. कुंकवानं फार लडबडलेला दाणा नाही खात, सोडून देतात. का?"

"काही नाही."

"अठरा वर्षं झाली, हे 'काही नाही' ऐकतेय. आज त्यात चिमण्या आल्या, एवढीच प्रगती."

बुधवारी पागनीस तासभर आधी पोचले. स्टुलावर चढून त्यांनी खिडकीचा कठडा धुंडाळला. वाटीच्या मागे, गजाच्या खाचेत, कोळ्याच्या जाळ्याशी. एका म्हाताऱ्या सरकारी माणसाला पहाऱ्यावरच्या दोन शिपायांनी स्टुलावर ओणवं झालेलं पाहिलं आणि दोघांनीही नजर वळवली. दाणे सापडले. कुंकू इतकं बसलेलं होतं की चिमण्यांनी चोच लावून टाकून दिले असावेत. पागनीसांनी मोजले. सात.

वस्तूच नसती तर पर्चीही खोटी झाली असती, आणि खोटी पर्ची त्यांनी केली नसती. पण आता सात होते. त्यांनी कागदाची पुडी केली, पर्ची भरली आणि सहीसाठी डेप्युटी जेलर चौहान साहेबांसमोर ठेवली.

साहेबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "पागनीसजी, ये क्या है?"

"सामान है, साहब."

"चावल के सात दाने?"

"अक्षता के."

"फ़र्क़ क्या हुआ?"

"चावल खाया जाता है, साहब. अक्षता से बुलाया जाता है."

चौहान साहेबांनी पुडी नाकाशी नेली, उजेडात धरली, मालखान्याच्या कारकुनाला दाखवली. कारकून म्हणाला, इतकं छोटं सामान ठेवायला डबा नाही. साहेबांचं लक्ष मग तारखेकडे गेलं. "शनिवार को आया, और पर्ची आज?"

"चूक झाली, साहब. मेरी."

"तो लिखकर दीजिए."

पागनीसांनी लिहून दिलं. अठरा वर्षांच्या कोऱ्या फाइलीत पहिला लाल शेरा पडला, 'पर्ची में चार दिन का विलंब'. पण तो वाळायच्या आत चौहान साहेबांनी पर्चीवर सही केली आणि गोल शिक्का असा दाबला, की जणू मालखान्यात तोफ जमा होत होती.

चार वाजता पर्ची अनिलबरोबर आत गेली. 'बंदी: अरविंद ढवले. प्रेषक: पत्नी. सामग्री: अक्षता, लाल, सात दाने.' आणि तळाशी, प्रत्येक पर्चीवर छापलेली असते तीच ओळ, की ही सामग्री सुटकेच्या किंवा रजेवर जाण्याच्या वेळी फाटकावर परत मिळेल.

अनिल परत आला तेव्हा पागनीस तिकीट उचकटत बसले होते. त्यांनी काही विचारलं नाही. विचारायचं नव्हतंच. अनिलला मात्र बोलायला कुठल्या नियमाची आडकाठी नव्हती.

"ढवले काका ने पर्ची तीन बार पढ़ी. फिर पूछा, ये वापस कब मिलता है. मैंने कहा, काका, नीचे लिखा है."

"मग?"

"फिर चश्मा पोंछते बैठे रहे. हो गया. और कल वाला खत वापस माँगा है, अगर गया न हो तो. और एक फॉर्म भी, छुट्टी वाला."

पागनीसांनी खण उघडून पत्र काढून दिलं. अनिलनं टेबलावरच्या बाटलीकडे बोट केलं. "गोंद?"

"आज ठीक आहे."

मंजुरी मुहूर्ताच्या दोन दिवस आधी आली. रजेवर जाणाऱ्याची झडती आणि सामानाची देवघेव फाटकावर होते, आणि त्या दिवशी मालखान्याच्या कारकुनाबरोबर पागनीसही तिथे कसे कोण जाणे उभे होते. अरविंदरावांनी भैरवगढी छापाचा एक रुमाल हातावर पसरला. कारकुनानं त्यात पुडी ठेवली. अरविंदरावांनी ती तिथेच उघडली आणि मोजली.

"सातच?"

"रजिस्टरात सात आहेत," पागनीस म्हणाले.

"आमच्या घरच्यांचा हात एवढा आखडता नाही."

"नसेल."

"मग बाकीच्या?"

पागनीसांनी वर, खिडकीच्या कठड्याकडे पाहिलं. अरविंदरावांनीही पाहिलं. तिथे चिमण्या भांडत होत्या. अरविंदरावांनी रुमालाला गाठ मारली, ती ओढून पाहिली आणि सही केली.

"येतो," ते म्हणाले. तुरुंगातून बाहेर जाणारा माणूस हा शब्द सहसा वापरत नाही.

सहाव्या दिवशी, वेळेच्या अर्धा तास आधी, ते परत हजर झाले. त्यानंतर आठवड्यानं सुनंदाबाईंचा लिफाफा आला. पागनीसांनी तो जपून कापला, आणि झटकताना खाली डाव्या हाताची ओंजळ धरली. काही पडलं नाही. पुन्हा एकदा झटकून पाहिला. मग पत्र उघडलं.

'हे पत्र आधी उघडणाऱ्यांस नमस्कार. या खेपेस लिफाफ्यात काही नाही, उगाच झटकू नये.

'लग्न नीट झालं. हे म्हणत होते लोक यांच्याकडे बघतील. कुणी बघितलं नाही, सगळे जेवण कधी सुरू होतं ते बघत होते. मंगलाष्टकं आठ आणि यांच्याजवळ दाणे सात. एकेका अष्टकाला एकेक टाकला आणि आठव्याला माझ्यातले उसने घेतले. मी मूठभर घातल्या होत्या. सात पोचल्या. बाकीच्या कुणी खाल्ल्या ते मी विचारत नाही. त्या मुठीत दारात बसलेल्याचाही वाटा होता, तो त्यांनी कुणाला का घालेना.'

त्याखाली अरविंदरावांसाठी दोन पानं होती, सांडग्यांसारख्या अक्षरांची, आणि या वेळी सुनंदाबाईंनी समासापर्यंत लिहून ठेवलं होतं. पागनीसांनी कागद फिरवून फिरवून पाहिला. शेवटी मागच्या बाजूला, अगदी खालच्या कोपऱ्यात थोडी जागा सापडली. तिथे त्यांनी हलकेच शिक्का टेकवला.