गुणाबाईचा उभा ओटा

ही हकीकत कुणाला पटणार नाही, पटली तर नाव बदलीन, असं बजावून तुळशीराम भिवंडीच्या यंत्रमागांच्या गल्लीतल्या काळ्या कडप्प्यावर मांडी ठोकतो आणि एकोणीसशे त्र्याहत्तर सालात शिरतो.

गुणाबाईचे गुडघे गेले होते. खाली बसून स्वयंपाक होईना, म्हणून तिनं उभा ओटा बांधायला काढला. खोलीत मावेना, तर भिंतच हातभर गल्लीत सरकवली. नकाशा नाही, पालिकेची परवानगी नाही. ओट्याचा कडप्पा बसतो न बसतो तोच निरोप आला: ओव्हरसियर मोजायला येतोय, वाढीव बांधकाम दिसलं तर पाडणार.

गुणाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "भाऊ, काय बी करा! ओटा गेला तर हे गुडघे घेऊन परत खाली कशी बसू?"

मग गल्लीनं डोकं चालवलं. जुन्या भिंतीच्या रेषेवर मागावरचं कोरं कापड ताणून बांधलं, त्याला सुताला लावायची खळ चोपडली, वरून चुन्याचा हात मारला. ओटा गेला कापडाआड. पुढं सरकलेली भिंत झाकायला गल्लीच्या बाजूनं कापडाच्या गाठी रचल्या.

ओव्हरसियर आला. टेप लावला. भिंत थरथरली.

"ही हलते कशी हो?"

"शेजारी माग चालू हायेत, साहेब. भिवंडीत कुठली भिंत हलत न्हाय?"

साहेबानं पलीकडच्या भिंतीला तळवा लावून पाहिला. तीही थरथरत होती. मान डोलावून तो लिहायला लागला.

आणि वीज गेली.

माग गप्प. तीन भिंती गप्प. चौथी मात्र वाऱ्यानं पोट फुगवून आत-बाहेर, आत-बाहेर. गुणाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. साहेबाचं पेन थांबलं. मान हळूहळू वळायला लागली...

आणि काय सांगू! दिवा बंद, पंखा बंद, अन् शेजारचे माग खडाखड सुरू! विजेवाचून! सगळ्या भिंती पुन्हा थरथरल्या, साहेब सही ठोकून चालता झाला, आणि गुणाबाईचा ओटा आजही...

"तुळशीराम!" गुडघ्यावर हात टेकत गुणाबाईच उंबऱ्यात आली. "विजेबिगर माग चालवतोस, मेल्या? साहेबानं बोट लावलं, बोट आरपार गेलं. भिंत पाडली, ओटा पाडला. ज्या कडप्प्यावर बसून थापा मारतोस ना, तो माझ्या ओट्याचाच हाय. ऊठ त्याच्यावरनं!"