बाबांचा घाव

खडबडीत दगड कारखान्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा बाबांचा चाळीस वर्षांचा नेम. साधी पायरी असली तरी पॉलिश झाल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती पडत नसे.

लेकीचं शिल्प मात्र त्यांच्या डोक्यावरून जात होतं. एक काळा दगड, त्याच्या पुढच्या पायथ्याला खाच, खाचेत उभी निळी काच, आणि काचेतून मागे त्याच दगडावर पडणारा दिव्याचा उजेड. बस्स, संपलं. "यात तू केलंस काय?" असं त्यांनी विचारल्यावर ती पोट धरून हसली होती. पण हे तिचं पहिलंवहिलं प्रदर्शन, तेही उद्यावर आलेलं. खाच पाडायला दोन दिवस लागले, पण बाबांनी ती स्वतः पाडली आणि केसभरही चुकू दिली नाही.

मग मायेनंच घात केला. काचेमागची बाजू फुटलेली, ओबडधोबड होती. चार लोक बघायला येणार आणि पोरीचा दगड असा? ती जेवायला गेली तेवढ्यात बाबांनी ती बाजू घासूनपुसून आरशासारखी लख्ख केली.

तिने येऊन दिवा लावला आणि मटकन खालीच बसली.

"बाबा, ती फुटलेली बाजूच हवी होती. तिच्यात उजेड अडकायचा. आता बघा, नुसता घसरतोय."

रागावली असती तर परवडलं असतं. तिने नुसता दिवा विझवला.

दुसऱ्या दगडाला आता वेळ नव्हता. उपाय एकच: ती बाजू पुन्हा फोडायची. जन्मभर दगडाला तडा जाऊ नये म्हणून जपणाऱ्या माणसाने हातोडीने टकटक करत, कान लावून, दगडाच्या माथ्यावर जागा शोधली. तडा खाली खाचेत उतरला तर सगळंच मुसळ केरात.

"काच लांब ने," ते म्हणाले. "तूही जा."

काच ठेवून ती दारातच उभी राहिली.

पहिल्या घावाला नुसती भुकटी उडाली. बाबांनी छिन्नी टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली.

"मारा बिनधास्त," लेक म्हणाली. "बिघडलंच तर दोघं मिळून रडू."

बाबांना हसू आलं, आणि त्या हसण्यातच दुसरा घाव बसला. हातभर कपचा सुटून खाली पडला. खाच शाबूत होती.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात लोक त्या दगडाभोवती हळू आवाजात बोलत होते. फुटलेल्या कंगोऱ्या-कंगोऱ्यात निळा उजेड भरून राहिला होता. बाबांना आज काहीच विचारावंसं वाटलं नाही. बाजूची पाटी त्यांनी चष्मा पुसून तीनदा वाचली: 'काच, दगड, उजेड आणि बाबांचा एक घाव.'

मग ते लेकीच्या कानाशी वाकले.

"एक नाही, दोन. पहिला वाया गेला होता. पाटीवर खोटं नको."

लेकीने तिथल्या तिथे पेन काढलं आणि 'बाबांचा एक' खोडून 'बाबांचे दोन' केलं.